चढताना चांगला पाय

डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलंय: प्रकृती स्थिर.
स्थिर म्हणजे बरी,
की स्थिर म्हणजे हलत नाही,
एवढंच विचारायला गेले
तर खिडकीतला मुलगा म्हणाला, आधी बिलिंगला जा.

जोतीराम गणू साळुंखे, वय चौऱ्याहत्तर.
खुब्यात तीन स्क्रू. अकरा दिवस.
बाराव्या दिवशी दुपारी
आबांचा बेड दुसऱ्या कुणाला हवा होता.

कोपरखैरण्यातली ही घरं तुम्ही पाहिली असतील.
खाली एक खोली, वर एक खोली,
मध्ये लोखंडी जिना, शिडीचा सख्खा भाऊ.
संडास वर.
आबाच म्हणाले होते बांधताना,
खाली देव्हाऱ्याला लागून नको.
आता देव्हाऱ्याखालीच त्यांची कॉट
आणि कॉटशेजारी भांडं,
वर्तमानपत्रानं झाकलेलं.

कांदा-बटाटा मार्केटात बत्तीस वर्षं
पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन
फळीवरून ट्रकात गेलेला माणूस.
गोणीखाली कधी पडले नाहीत.
पडले ते पायपुसण्यावर.

आज काट्यावर उभं केलं तर एक्कावन्न भरले.
‘एक गोणी,’ म्हणाले, ‘आन् वर किलोभर.’
आणि बराच वेळ काट्याकडेच बघत राहिले.

वॉकर नेरुळच्या केंद्रातून आणला,
पाचशे अनामत, भाडं नाही.
मुठीला हिरव्या साडीची चिंधी गुंडाळलेली,
कुणाच्या तरी हाताला टोचत असणार.
आबांनी मला फोन लावायला लावला:
आधीची बाई चालली का शेवटी?
तिकडून बाई म्हणाल्या,
‘अहो, वॉकर परत आला.
आम्हाला एवढंच कळतं.’
आबांनी चिंधी सोडू दिली नाही.

मंगळवारी, शुक्रवारी घणसोलीहून अल्फिया येते,
स्कूटीवर, पाठीला सॅक.
माझ्या धाकटीच्या वयाची,
पण आबा तिला मॅडम म्हणतात.
पहिल्याच दिवशी तिनं फॉर्म काढला.
एक रकाना होता: रुग्णाचे उद्दिष्ट.
‘आजोबा, कुठपर्यंत चालायचंय?’
मला वाटलं, मार्केट म्हणतील, टोळीतल्या माणसांना भेटायला.
नाहीतर पाटणला, गावच्या जत्रेला.
आबा भिंतीकडे बघत म्हणाले,
‘वर. संडासला.
पोरीनं माझं भांडं उचलायचं, हे काय खरं नव्हं.’

तिनं ते तसंच लिहिलं.
मी आत जाऊन उगाच कुकर लावला.

चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा आधी.
अल्फिया खडूनं पायरीवर लिहून जाते,
पुसलं की पुन्हा लिहिते.
‘फळीवर पाय मोजत नसत्यात मॅडम,
मोजला की पडतो.’
‘इथं मोजायचे,’ ती म्हणते.
आणि बत्तीस वर्षांत मुकादमाचं न ऐकलेला माणूस
मोजतो.

पहिला आठवडा: कॉट ते दार.
दुसरा: दारातून नळापर्यंत,
शेजारची मुलं क्रिकेट थांबवून बघायला उभी.
तिसऱ्यात ताप आला, सगळं मागे गेलं,
रात्री आबा मला माझ्या आईच्या नावानं हाका मारत होते.
त्यावर कुठल्याच रकान्यात जागा नव्हती.

काल तेरापैकी सहा पायऱ्या.
सहाव्यावर बसले, घामानं भिजलेले,
खाली बघवेना, वर जाववेना.
मी मागे, दोन्ही हात पसरून.
सांगणार होते, आबा, टाका भार माझ्यावर.

‘वैजे,
मागनं हात लावू नगंस.
चढत्या गोणीला हात लागला की तोल जातो.’

मी हात काढले.
म्हणजे,
त्यांना लागणार नाहीत
इतकेच मागे नेले.